रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर मध्येच बंद पडत असेल तर कारण कसे शोधावे

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे. दोन-दोन तासांची प्रशिक्षण सत्रे तुम्ही विंडोजवर ओबीएस स्टुडिओमधून रेकॉर्ड करता. साधारण ५० ते ७० मिनिटांनंतर सॉफ्टवेअर कोणताही संदेश न दाखवता पडद्यावरून नाहीसे होते. ते दोनदा काढून पुन्हा बसवले, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, तरी फरक पडला नाही. शेवटच्या सत्राची एमपी४ फाइल तर उघडतच नाही, आणि पुढचे सत्र चार दिवसांवर आले आहे. मी अनेक वर्षे व्याख्यानांचे आणि कार्यशाळांचे रेकॉर्डिंग सांभाळतो, त्यामुळे संपलेल्या सत्राची फाइल न उघडणे म्हणजे काय, हे मला चांगले ठाऊक आहे.

सर्वांत आधी त्या फाइलविषयी. ती पुसू नका आणि दुरुस्तीचा कोणताही प्रयोग मूळ फाइलवर करू नका. दुसऱ्या डिस्कवर तिची प्रत काढा आणि जे करायचे ते त्या प्रतीवर करा. फाइलचा आकार काही जीबी दिसत असेल तर चित्र आणि आवाज बहुधा तिच्यात शाबूत आहेत. एमपी४ प्रकारात कोणती फ्रेम फाइलमध्ये नेमकी कुठे आहे याची सूची ‘मूव्ह’ नावाच्या भागात असते, आणि साध्या एमपी४ रेकॉर्डिंगमध्ये ही सूची अगदी शेवटी, म्हणजे रेकॉर्डिंग थांबवल्यानंतर लिहिली जाते. सॉफ्टवेअर त्याआधीच बंद पडले तर मजकूर राहतो, पण सूची नसते, आणि सूचीवाचून प्लेअरला काही उमगत नाही. ‘अनट्रंक’ नावाचे मोफत साधन अशी फाइल पुष्कळदा परत मिळवून देते. त्यासाठी त्याच संगणकावर, त्याच रिझोल्यूशनला, त्याच एन्कोडरने (चित्र दाबून फाइलजोगे लहान करणाऱ्या घटकाने) आणि त्याच आवाजाच्या सेटिंगने केलेली एक धडधाकट फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. म्हणून सेटिंग्ज बदलण्याआधी, आजच, पाच मिनिटांचे एक रेकॉर्डिंग आहे त्याच सेटिंगवर करून बाजूला ठेवा. हे काम आधी करा असे मी आग्रहाने सांगतो, कारण पुढचे उपाय सुरू केले की जुन्या सेटिंग्ज नेमक्या काय होत्या हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

तो नमुना झाल्यावर रेकॉर्डिंगचा प्रकार एमकेव्ही करा. एमकेव्हीमध्ये मजकूर लहान-लहान तुकड्यांत, प्रत्येकाच्या वेळेच्या नोंदीसह लिहिला जातो, त्यामुळे वीज गेली तरी त्या क्षणापर्यंतचे रेकॉर्डिंग उघडते. फार तर शेवटचे काही क्षण जातात. संपादनासाठी एमपी४ हवी असेल तर फाइल मेनूमधील ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ वापरा. त्यात चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, फक्त डबा बदलतो, त्यामुळे दर्जा घटत नाही आणि वेळही थोडाच लागतो. क्रॅश यामुळे थांबणार नाही, पण त्याने होणारे नुकसान आजपासून थांबेल, आणि मग कारण शांतपणे शोधता येईल.

आता पुन्हा बसवण्याविषयी. या उपायाने तुम्हाला फरक दिसला नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही. ओबीएस काढताना सेटिंग्जही पुसा असे मुद्दाम सांगितले नाही तर सीन (पडद्यावरच्या मांडण्या), प्रोफाइल आणि बाकीच्या सेटिंग्ज वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात तशाच राहतात. बाहेरून आणलेले प्लगइनही (ओबीएसला जोडलेली पूरक साधने) बहुधा जागेवरच असतात. म्हणजे आपण घर नवे बांधतो आणि जुने सगळे सामान पुन्हा तसेच आत ठेवतो. सेटिंग्ज पुसल्याच, तर त्यांच्याबरोबर क्रॅशचे पुरावेही जाण्याचा धोका असतो. त्यामुळे काहीही बदलण्यापूर्वी हेल्प मेनूमधून लॉग फाइल्सचे (ओबीएसने स्वतः लिहिलेल्या कामकाजाच्या नोंदींचे) फोल्डर आणि क्रॅश रिपोर्ट्सचे फोल्डर उघडून दोन्ही अन्यत्र कॉपी करून ठेवा. ओबीएस ठरावीक संख्येपेक्षा जास्त जुने लॉग ठेवत नाही, त्यामुळे दहा-पंधरा वेळा सॉफ्टवेअर उघडले-मिटले की महत्त्वाचा लॉग गेलेला असू शकतो.

लॉग उघडल्यावर थेट शेवटची ओळ पाहा. ओबीएस रीतसर बंद झाले असेल तर शेवटी ‘नंबर ऑफ मेमरी लीक्स’ अशी ओळ येते आणि तिच्यापुढे बहुतेक वेळा शून्य असते. ही ओळच नसेल आणि लॉग मध्येच तुटला असेल तर सॉफ्टवेअर खरोखरच कोसळले आहे. ओळ असेल, पण रेकॉर्डिंग अपुरे असेल, तर तो क्रॅश नव्हे. एन्कोडरने किंवा डिस्कने नकार दिला म्हणून रेकॉर्डिंग थांबले, आणि तो वेगळा आजार आहे. ‘क्रॅश’ या एका शब्दाखाली लोक निदान चार गोष्टी सांगतात: खिडकी नाहीशी होणे, खिडकी गोठणे, रेकॉर्डिंग आपोआप थांबणे आणि संपूर्ण संगणक पुन्हा सुरू होणे. चौथ्या प्रकारात दोष सॉफ्टवेअरचा असण्याची शक्यता फार कमी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजने केलेल्या घटनांच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात) ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढीच नोंद असेल तर वीजपुरवठा, तापमान किंवा मेमरी पाहावी, ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये हात घालू नये.

तुमची खिडकी नाहीशी होते, म्हणून तुमच्यासाठी इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘अ‍ॅप्लिकेशन’ विभागातली १००० क्रमांकाची नोंद महत्त्वाची आहे. तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणून एका फाइलचे नाव दिलेले असते. ‘एनव्ही’पासून सुरू होणारे नाव बहुधा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचे असते, ‘आयजीडी’ किंवा ‘आयजीएक्स’पासून सुरू होणारे बहुधा इंटेल ग्राफिक्सचे. एखाद्या प्लगइनचे नाव स्वच्छ दिसले तर काम सोपे झाले. मात्र ‘एनटीडीएलएल’, ‘कर्नलबेस’ किंवा ‘यूसीआरटीबेस’ ही नावे दिसली तर त्यांच्या मागे लागू नका. त्या विंडोजच्या स्वतःच्या फाइली आहेत. दुसऱ्याच कोणीतरी मेमरीत केलेली गडबड त्यांच्या हद्दीत उघडकीस येते इतकेच. नोंदीतले नाव सॉफ्टवेअर कुठे मेले ते सांगते, कोणी मारले ते सांगत नाही. हा भेद न पाळल्यामुळे चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याची उदाहरणे मी खूप पाहिली आहेत, आणि त्यातले एक माझे स्वतःचे आहे.

एका व्याख्यानमालेचे रेकॉर्डिंग करणारा संगणक आठवड्यातून एक-दोनदा रेकॉर्डिंग सोडून देत असे. पहिल्या नोंदीत ग्राफिक्स ड्रायव्हरचे नाव होते, म्हणून मी ड्रायव्हर बदलला. पुढच्या वेळी आवाजाच्या एका प्लगइनचे नाव आले, म्हणून ते काढले. असे सव्वा महिना चालले आणि प्रत्येक बदलानंतर चार-पाच दिवस सगळे सुरळीत चालल्यामुळे ‘सापडले’ असे वाटत राहिले. शेवटी मी पाच क्रॅशच्या नोंदी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या: तारीख, किती मिनिटांनी, मॉड्यूलचे नाव. पाच ओळींत पाच वेगळी नावे होती आणि मिनिटांमध्येही काही सूत्र नव्हते. सॉफ्टवेअरमधली चूक सहसा त्याच जागी, त्याच परिस्थितीत पुन्हा घडते. प्रत्येक वेळी नवे नाव येत असेल तर पाया हलतो आहे असे समजावे. त्या रात्री मेमटेस्ट८६ हे मेमरी तपासणारे साधन लावून ठेवले आणि सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला होता. मेमरीची एक पट्टी खराब होती. पट्टी बदलल्यावर तो संगणक त्या कारणाने पुन्हा कधी थांबला नाही. तेव्हापासून तीन नोंदी एकाखाली एक लिहिल्याशिवाय मी एकही सेटिंग बदलत नाही.

याच संदर्भात एक गोष्ट माहीत असावी. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता निर्माण होते, हे कंपनीने २०२४ साली मान्य केले आणि त्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) मदरबोर्डच्या बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून उपलब्ध झाला. अशा संगणकांवर ‘ग्राफिक्सची मेमरी संपली’ असा दिशाभूल करणारा संदेश येऊन खेळ आणि सॉफ्टवेअर बंद पडत असत. तुमचा प्रोसेसर त्यांतला असेल तर बायोस अद्ययावत आहे का ते पाहा. मात्र आधीच झालेली झीज अपडेटने भरून निघत नाही.

नावाइतकीच वेळही बोलकी असते, किंबहुना माझा अनुभव असा की वेळ अधिक खरे बोलते. फाइल प्रत्येक वेळी ४ जीबीच्या आसपास थांबत असेल तर डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे. त्या पद्धतीत एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा मोठी होऊच शकत नाही, आणि ४०,००० केबीपीएस बिटरेटला, म्हणजे सेकंदाला ४ कोटी बिट लिहिताना, ही मर्यादा सव्वाचौदा मिनिटांत गाठली जाते. घड्याळातल्या ठरावीक वेळी बंद पडत असेल तर त्या वेळी सुरू होणारे अँटिव्हायरस स्कॅन किंवा बॅकअप शोधा. एका विशिष्ट सीनवर गेल्यावरच पडत असेल तर त्या सीनमधले स्रोत एकेक करून बंद करून पाहा. आणि तुमच्यासारखे, सुरू केल्यापासून साधारण सारख्याच अवधीनंतर पडत असेल, तर काहीतरी हळूहळू भरत चालले आहे आणि तासाभराने काठोकाठ होते आहे, असा माझा पहिला संशय राहील.

भरणारी गोष्ट बहुधा मेमरी असते. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम ओबीएस ज्या नेहमीच्या स्वरूपात एन्कोडरकडे पाठवते त्यात ती सुमारे ३१ लाख बाइटांची असते. सेकंदाला ६० फ्रेम म्हटल्या तर जवळजवळ १८७ एमबी मजकूर दर सेकंदाला मेमरीत येतो आणि लगेच सोडला जातो. एखाद्या प्लगइनने किंवा ड्रायव्हरने दर सेकंदाला या ६० पैकी केवळ एक फ्रेम सोडायची विसरली तर तासाभरात ११ जीबी मेमरी अडकून पडते. पहिली ४० मिनिटे वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही, चित्र सुरेख असते, आवाज बरोबर असतो, आणि मग अचानक सगळे संपते. पाच मिनिटांच्या चाचणीत हा दोष कधीच सापडत नाही, याचे कारण हेच.

याची खात्री अशी करा. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ पानावर स्तंभांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून ‘कमिट साइझ’ (मागून घेतलेली मेमरी), ‘हँडल्स’ (उघडून ठेवलेल्या फाइली आणि इतर साधनांची संख्या) आणि ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ (पडद्यावर रेखाटण्यासाठी घेतलेल्या वस्तूंची संख्या) हे तीन स्तंभ जोडा. नेहमीचेच रेकॉर्डिंग सुरू करा आणि दर १० मिनिटांनी ओबीएसच्या ओळीतले तीन आकडे कागदावर लिहा. सुरुवातीची दहा मिनिटे आकडे वाढणे स्वाभाविक आहे. त्यानंतर ते थोडे वर-खाली होत एका पातळीवर राहिले पाहिजेत. ६००, ७१०, ८२०, ९३० असे एकसारखे चढत असतील तर गळती आहे आणि ती किती वाजता जीव घेईल हेही तुम्हाला सांगता येईल. जीडीआय ऑब्जेक्ट्सची मर्यादा एका प्रोसेसला सामान्यतः १०,००० असते, त्यामुळे मेमरी मुबलक शिल्लक असतानाही हा आकडा भरला की खिडकी कोसळू शकते. एक जागा पुष्कळांच्या नजरेतून सुटते: ओबीएसचा ब्राउझर सोर्स (सीनमध्ये वेबपान दाखवणारा स्रोत) स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालतो आणि यादीत ‘ओबीएस-ब्राउझर-पेज’ या नावाने वेगळा दिसतो. ओबीएसची ओळ निरोगी दिसते आणि पाणी मात्र त्या खालच्या ओळीत मुरत असते. सतत हलणारी घड्याळे, सूचनांच्या पट्ट्या, वेबवरून येणारी सजावट या गोष्टी सीनमध्ये असतील तर त्या ओळींकडे विशेष लक्ष द्या.

संशय खरा ठरल्याचा आणखी एक पुरावा इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टिम’ विभागात मिळतो. विंडोजची मेमरी संपत आली की ‘रिसोर्स-एक्झॉशन-डिटेक्टर’ या नावाने २००४ क्रमांकाची नोंद होते आणि त्या क्षणी सर्वाधिक मेमरी घेणाऱ्या प्रोसेसची नावे आकड्यांसह तिच्यात लिहिलेली असतात. ही नोंद क्रॅशच्या आधीच्या दोन-चार मिनिटांत असेल तर वादच मिटला. ‘डिस्क वाचेल’ म्हणून कोणी पेजिंग फाइल (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) बंद करून ठेवली नाही ना, हेही पाहून घ्या; ती बंद असेल तर रॅम पूर्ण वापरली जाण्याआधीच विंडोज नवी मेमरी नाकारू लागते. ती पुन्हा विंडोजच्या स्वाधीन करावी.

गळती आहे इतके कळले की ती कोणाची, हे शोधायचे. ओबीएसच्या आवृत्ती ३० पासून हेल्प मेनूमध्ये सेफ मोडची सोय आहे. त्यात बाहेरचे प्लगइन आणि स्क्रिप्ट बंद राहतात. सेफ मोडमध्ये दोन तास रेकॉर्डिंग चालू द्या. मेमरी स्थिर राहिली तर दोषी प्लगइनमध्ये आहे, आणि मग एकेक प्लगइन काढत बसण्याऐवजी निम्मे काढा. दोष राहिला तर उरलेल्यांत आहे, गेला तर काढलेल्यांत. १६ प्लगइन असले तरी चार फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येते. आवृत्ती २८ मध्ये ओबीएसने खिडक्या आणि बटणे दाखवणारी मूळ चौकट क्यूटी ५ वरून क्यूटी ६ वर नेली आणि त्याआधीचे अनेक प्लगइन निकामी झाले, त्यामुळे वर्षानुवर्षे न बदललेला प्लगइन दिसला की मी पहिला संशय त्याच्यावर घेतो. आवाज सुधारण्यासाठी लावलेले व्हीएसटी फिल्टरही याच रांगेतले. ते ओबीएसच्याच प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे त्यांची चूक ओबीएसच्या जिवावर बेतते. सेफ मोडमध्येही मेमरी चढत राहिली तर ब्राउझर सोर्स आणि कॅमेरा यांपैकी एकच ठेवून हीच चाचणी पुन्हा करा. ब्राउझर सोर्सच दोषी निघाला आणि तो काढणे शक्य नसेल, तर त्याच्या गुणधर्मांत ‘दिसत नसताना बंद करा’ हा पर्याय निवडावा.

मेमरीचे आकडे पूर्ण स्थिर राहूनही क्रॅश झाला तर मग ग्राफिक्सकडे वळावे. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंद उत्तर दिले नाही तर विंडोज त्याला जबरदस्तीने पुन्हा सुरू करते आणि ‘डिस्प्ले’ या स्रोताखाली ४१०१ क्रमांकाची नोंद करते. ओबीएसच्या लॉगमध्ये त्याच वेळी ‘डिव्हाइस रिमूव्ह/रीसेट’ अशी ओळ येते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) हे दोन सेकंद वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो कोणाला देत नाही, कारण त्याने कार्ड का अडकले याचे उत्तर मिळत नाही. टास्क मॅनेजरमध्ये ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ काठोकाठ भरते का ते पाहा, ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) असेल तर काढा, ड्रायव्हर स्वच्छ काढून एक जुनी स्थिर आवृत्ती बसवून पाहा. एक चाचणी फार उपयोगी पडते: एन्कोडर तात्पुरता एक्स२६४ करा. तो प्रोसेसरवर चालतो. त्यावर क्रॅश थांबला तर दोष हार्डवेअर एन्कोडर आणि त्याच्या ड्रायव्हरच्या बाजूला आहे; न थांबला तर तुम्ही एक मोठा विभाग यादीतून वगळलात.

ओव्हरले दाखवणारी साधने, म्हणजे फ्रेमची संख्या किंवा गप्पांच्या चौकटी पडद्यावर उमटवणारी, चाचणीपुरती बंद ठेवा. ती स्वतःचा कोड इतर प्रोसेसमध्ये घुसवतात. रेकॉर्डिंगचे फोल्डर क्लाउडशी जोडलेले असेल तर बदला. विंडोज सिक्युरिटीमधील ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू असेल तर ओबीएसला परवानगी द्या. यूएसबी कॅमेऱ्याच्या बाबतीत पॉवर ऑप्शन्समधील ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा आणि कॅमेरा हबऐवजी थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा.

येत्या सत्रासाठी माझी सूचना अशी आहे. ६० ऐवजी ३० फ्रेम ठेवा. व्याख्यानाला त्या पुरतात आणि भार निम्मा होतो. प्रकार एमकेव्ही, आणि आउटपुटच्या अ‍ॅडव्हान्स्ड पद्धतीत ‘ऑटोमॅटिक फाइल स्प्लिटिंग’ २० मिनिटांवर. सत्रात विश्रांती असेल तर त्या वेळी रेकॉर्डिंग थांबवून ओबीएस पूर्ण बंद करा आणि पुन्हा उघडा. गळती असली तरी तिचे मोजमाप शून्यावर येईल आणि दोन तासांचे दोन सुरक्षित भाग होतील. आदल्या दिवशी अडीच तासांची चाचणी त्याच कॅमेऱ्यासह, त्याच सीनसह, मधूनमधून सीन बदलत घ्या. ती मध्येच तुटली तर शेवटचा लॉग, १००० क्रमांकाच्या नोंदीचा मजकूर आणि दर १० मिनिटांनी लिहिलेल्या आकड्यांचा कागद या तीन गोष्टी मला पाठवा. तोपर्यंत आणखी कोणतीही सेटिंग बदलू नका.